टार्टचं कवच आकसतं का?

परवा बहिणीने फोटो पाठवला, लिंबाच्या टार्टसाठी केलेलं कवच ओव्हनमध्ये आकसून साच्याच्या कडेवरून पार खाली घसरलेलं, आणि सोबत मेसेज, "ताई, पोळीच्या कणकेसारखं दहा मिनिटं छान मळलं होतं गं, तरी असं का झालं?" अगं, मळलं म्हणूनच झालं!

पेस्ट्री म्हटलं की आपल्याला क्रीमच्या केकचा तुकडा आठवतो, पण ही शॉर्टक्रस्ट पेस्ट्री म्हणजे युरोपातल्या टार्ट आणि पाय या सारण भरलेल्या पदार्थांचं खुसखुशीत कवच. आणि त्याची सगळी गंमत ग्लुटेनमध्ये आहे.

मैद्यात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं असतात, कोरडी असताना काही करत नाहीत, पण पाणी मिळालं की एकमेकांत गुंततात, ग्लुटेनिनच्या लांब साखळ्यांमध्ये गंधकाचे बंध म्हणजे डायसल्फाइड बंध असतात, मळताना त्या साखळ्या ताणल्या जातात आणि सोडल्या की स्प्रिंगसारख्या मागे येतात, ग्लायडिन मात्र या जाळ्याला सैल, न तुटता ताणता येईल असं ठेवतं. मैद्याचा घट्ट गोळा नळाखाली धूत राहा, स्टार्च दुधासारखा वाहून जातो आणि हातात रबरासारखं काहीतरी उरतं, तेच ग्लुटेन! इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या बेक्कारी नावाच्या शास्त्रज्ञाने ते असंच वेगळं केलं आणि 1745 मध्ये त्याचं काम छापून आलं.

पोळीला हे जाळं हवं, टार्टला नको. म्हणून आधी बटर मैद्यात चोळायचं, कणांवर चरबीचा थर बसला की पाणी प्रथिनांपर्यंत कमी पोचतं. करंजीचं मोहन हेच करतं. मग मोहन कडकडीत आणि बटर गार का? तुपात पाणी जवळजवळ नसतंच, बटरमध्ये साधारण 16 टक्के असतं, म्हणजे 100 ग्रॅम बटरमध्ये मोठा चमचाभर पाणी, बारीक थेंबांच्या रूपात चरबीत अडकलेलं, बटर वितळलं की तेही सुटतं आणि थेट मैद्याला मिळतं. आपल्या उन्हाळ्यात तर हाताच्या उबेनेही बटर पाघळतं, त्यामुळे बोटांच्या टोकांनी आणि भराभर चोळायचं. पिठीसाखरसुद्धा पाणी ओढून घेते, म्हणजे तीही ग्लुटेनच्या विरोधातच काम करते.

आणि हो, "मैदा आतड्याला चिकटतो" हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज कृपा करून पुढे ढकलू नका. भिंतीला पोस्टर चिकटवतो ती खळ म्हणजे शिजलेला स्टार्च, आणि पोटात त्याच स्टार्चचं एन्झाइम्स ग्लुकोज करतात. मैद्यात फायबर कमी असतं ही तक्रार खरी आहे, ती करा.

प्रमाण: 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम गार बटर, 60 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, एक पिवळा बलक, लागलंच तर चमचाभर गार पाणी. गोळा जमला की थांबायचं, मळायचं नाही. फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवलं की ताणलेलं जाळं सैल पडतं आणि बटर परत घट्ट होतं. लाटून साच्यात नुसतं ठेवायचं, ओढून बसवायचं नाही, कारण ओढलेलं तेवढंच ओव्हनमध्ये परत येतं. मग काट्याने टोचे मारून, वर बेकिंग पेपर आणि मूठ-दोन मूठ कच्चा राजमा घालून 180 अंशांवर 15 मिनिटं, नंतर राजमा काढून रंग येईपर्यंत. तो राजमा मग आमटीला नाही चालणार, डब्यात भरून पुढच्या टार्टसाठी ठेवा.