‘मूल नको’ आणि ‘मुलगी नको’: दोन कायदे आणि एक जुनी गल्लत

सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवरची पाटी महाराष्ट्रात शाळकरी पोरांनाही पाठ असते. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.’ पाटी बरोबरच आहे. पण ती वाचून बाहेर पडणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात शिल्लक राहतं ते भलतंच: गर्भपात करणं गुन्हा आहे. चांगली शिकलेली, नोकरी करणारी माणसंही हे ठामपणे सांगतात. मग एखादीला नको असताना दिवस गेले की घरात आधी पोलिसांची भीती शिरते. तिच्यामागोमाग ‘आधीच काळजी घ्यायला काय झालं होतं?’ हा प्रश्न येतो.

कायदे दोन आहेत. गर्भपाताचा म्हणजे एमटीपी कायदा 1971 चा, तो 1972 च्या एप्रिलपासून लागू झाला. गर्भलिंगनिदानाचा, म्हणजे बोलीभाषेतला पीसीपीएनडीटी, 1994 चा. पहिला ‘मूल नको’ म्हणणाऱ्या बाईसाठी आहे. दुसरा ‘मुलगी नको’ म्हणणाऱ्या घराच्या विरोधात आहे. पहिला दार उघडतो, पण अटी घालून. दुसरा दार बंद करतो, आणि त्याला अटही नाही.

आधी पहिला पाहू. इंग्रजांच्या 1860 च्या दंडसंहितेत बाईचा जीव वाचवण्याखेरीज दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी गर्भपात करणं हा गुन्हा होता, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्यात गुन्हेगार ठरत होती. ते कलम अजून गेलेलं नाही. 2024 च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 88 व्या क्रमांकावर ते जवळपास तसंच बसलं आहे. एमटीपी कायदा म्हणजे त्या कलमाला दिलेला अपवाद. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली 1964 मध्ये समिती नेमली गेली. तिच्या अहवालातून हा कायदा निघाला. आडमार्गाने, भोंदू लोकांकडून गर्भ पाडून घेताना बायका मरत होत्या, हे त्यामागचं कारण होतं. अर्थात कायद्याची भाषा बाईच्या हक्काची नाही, डॉक्टरच्या संरक्षणाची आहे: नोंदणीकृत डॉक्टरने प्रामाणिक मत बनवून गर्भपात केला तर तो गुन्हा नाही. त्यामुळे आपल्याकडे गर्भपात कायदेशीर असला, तरी तो ‘मागितला की मिळाला’ असा नाही, हेही खरं.

2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, तेही ठरावीक स्त्रियांसाठी: बलात्कारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग आणि आणखी काही. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जायचं. जिवाला धोका असेल तर आठवड्यांची मर्यादाच नाही.

वैयक्तिक जबाबदारीचा सगळा वाद ज्यावर चालतो, ते कायद्यातलं एक छोटंसं स्पष्टीकरण आहे. मूल होऊ नये म्हणून वापरलेलं साधन किंवा पद्धत फसली आणि दिवस गेले, तर त्यातून होणारा मनस्ताप हा बाईच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा मानता येईल, असं ते म्हणतं. 1971 मध्ये ही सवलत फक्त ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यासाठी होती. 2021 मध्ये तिथे ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले, आणि 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 20 ते 24 आठवड्यांच्या नियमातूनही अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, असं सांगितलं.

म्हणजे ‘काळजी घेऊनही हे झालं’ याला कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच जागा करून ठेवली आहे. आणि हे होतंच. नेहमीच्या वापरात, म्हणजे कधी विसरून, कधी घाईत, वर्षभर कंडोमवर विसंबलेल्या शंभर जोडप्यांपैकी साधारण तेरांना गर्भ राहतो. रोजच्या गोळीत हा आकडा सातच्या आसपास आहे. कॉपर टी आणि नसबंदी एकाच्याही खाली, पण शून्य नाहीत. शिवाय कायद्याला साधन वापरल्याचा पुरावा लागत नाही. डॉक्टरकडच्या कागदावर ‘गर्भनिरोधक अयशस्वी’ असं लिहिलं जातं आणि प्रश्न मिटतो. काहींना ही पळवाट वाटते. मला त्यात शहाणपण दिसतं. नवऱ्याने कंडोमला नकार दिला हे सांगणारा रकाना फॉर्मवर नाही, आणि बेफिकिरीची शिक्षा म्हणून कोणाला आई करायचं ही कल्पनाच मला पटत नाही. त्या शिक्षेत एक तिसरा जीव ओढला जातो, ज्याने काहीच केलेलं नसतं.

विरोधी बाजूही मांडली पाहिजे. गर्भ हाच तो तिसरा जीव, असं प्रामाणिकपणे मानणारी माणसं आहेत, आणि त्यांच्या दृष्टीने चूक कोणाची हा प्रश्न दुय्यम ठरतो. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर नेमकं हेच आलं. दोन मुलांची विवाहित आई, धाकटं अंगावर पिणारं, त्यामुळे पाळी आलीच नव्हती. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. प्रसूतीनंतरच्या नैराश्यावर तिचे उपचार चालू होते. दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली आणि प्रकरण सरन्यायाधीशांच्या पीठाकडे गेलं. त्या पीठाने 26 आठवड्यांचा, व्यंग नसलेला गर्भ असल्याने परवानगी नाकारली. इथे ‘काळजी घ्यायला हवी होती’ म्हणणाऱ्याने जरा थांबावं. अंगावर पाजताना दिवस जात नाहीत, हे आपल्याकडे आयाबायाच सांगत आल्या आहेत. पहिले सहा महिने, बाळ फक्त अंगावर असताना आणि पाळी परतलेली नसताना, ते बरंचसं खरंही असतं. त्यानंतर नाही.

जबाबदारीचा हिशोब कोर्टातही मजेशीर फिरतो. नसबंदी फसून मूल झालं म्हणून नुकसानभरपाई मागणाऱ्या पंजाबमधल्या एका प्रकरणात, 2005 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शस्त्रक्रिया फसली म्हणजे डॉक्टरचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. आणि दिवस गेल्याचं कळल्यावर गर्भपाताचा मार्ग कायद्याने खुला असताना मूल ठेवलं, तर ते ‘नको असलेलं मूल’ राहत नाही. समाज म्हणतो गर्भ पाडणं बेजबाबदारपणा, कोर्ट म्हणतं पाडता आला असता. मधल्या बाईने काय करायचं? आणि नसबंदी करून घेते कोण? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात स्त्रियांच्या नसबंदीचं प्रमाण 37.9 टक्के होतं, पुरुषांचं 0.3. पुरुषाची शस्त्रक्रिया जास्त सोपी आणि कमी धोक्याची असूनही.

आता दुसरा कायदा. यात महाराष्ट्र देशाच्या पुढे होता. मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी 1986 पासून लावून धरलेल्या मोहिमेनंतर 1988 मध्ये राज्याने स्वतःचा कायदा केला, केंद्राचा सहा वर्षांनी आला. पुण्याची मासूम, मुंबईची सेहत या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2003 मध्ये कायदा कडक झाला. गर्भधारणेआधी लिंग निवडण्याची तंत्रंही त्यात आली.

या कायद्याचा गर्भपाताशी थेट संबंधच नाही. तो चाचणी पकडतो. गर्भाचं लिंग सांगितलं, हाताने खूण केली, पेढे-जिलेबीच्या भाषेत सुचवलं, तरी गुन्हा पुरा झाला. पुढे गर्भपात झाला की नाही हे बघायची गरज नाही. डॉक्टरला पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि वैद्यक परिषदेच्या यादीतून पाच वर्षं नाव कमी. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीमागे ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो. त्यात खाडाखोड किंवा रिकामा रकाना हाही गुन्हाच, आणि डॉक्टर संघटनेची त्यावरची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये फेटाळली. इतका कडकपणा का, याचं उत्तर जनगणनेत आहे. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात 2001 मध्ये 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894. बीड जिल्ह्यात 894 वरून थेट 807. बेकायदा गर्भपातांच्या प्रकरणांमुळे बीडमधलं परळी आणि पुढे 2017 मधलं सांगलीजवळचं म्हैसाळ ही नावं त्यानंतर सगळ्यांच्या तोंडी बसली.

मग गल्लत होते कुठे? मुलगी आहे असं बेकायदा कळल्यावर जो गर्भ पाडला जातो, तिथे दोन्ही कायदे मोडतात: चाचणीने दुसरा, आणि लिंग हे गर्भपाताचं कारण म्हणून कुठेच मान्य नसल्याने पहिलाही. एवढाच त्यांचा सामाईक तुकडा. पण मोहिमा, पोस्टर, भाषणं आणि छापे पडले ते सरसकट सगळ्या गर्भपातांवर.

आठवडे मोजले की फरक लगेच दिसतो. गर्भपाताच्या गोळ्या, म्हणजे मिफेप्रिस्टोन आणि त्यानंतर मिसोप्रोस्टॉल, आपल्याकडे नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरच्या सल्ल्याने घेता येतात. सोनोग्राफीत लिंग साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्यापुढे दिसायला लागतं. म्हणजे गोळ्या घेते त्या बाईला पोटात मुलगा की मुलगी हे ठाऊकच नसतं. तरीही 2011 च्या जनगणनेनंतर राज्यात अन्न व औषध प्रशासनाने मुली वाचवण्याच्या नावाखाली याच गोळ्यांच्या विक्रीवर करडी नजर ठेवली. कटकट नको म्हणून अनेक केमिस्टांनी त्या ठेवणंच सोडलं. चिठ्ठी हातात घेऊन गेलेल्या बाईला ‘ती गोळी आम्ही ठेवत नाही’ ऐकायला लागतं, तेही गल्ल्यावरच्या माणसाने चारचौघांत तिच्याकडे वरखाली बघत. मग आठवडे वाढतात, आणि गोळीवर भागणारं काम शस्त्रक्रियेवर जातं. (72 तासांत घ्यायची, चिठ्ठीशिवाय मिळणारी गोळी ही तिसरीच वस्तू. ती गर्भ राहू नये म्हणून असते, राहिलेल्या गर्भावर तिचा काही उपयोग नाही.)

दुसरा फरक मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. ‘आधी काळजी घ्यायची होती’ हे वाक्य ज्या गर्भारपणाला लागू होऊ शकतं, ते न ठरवता आलेलं असतं. मुलगी म्हणून पाडला जाणारा गर्भ बहुतेकदा ठरवून राहिलेला असतो. घरात त्याची वाट पाहिलेली असते, नवसही बोललेले असतात. तिथे मूल हवंच होतं, फक्त हे नको होतं. या दोन बायकांना एकाच पोस्टरखाली उभं करून दोघींनाही पापाची भीती घालायची, हे अन्यायाचं तर आहेच, वर निरुपयोगी आहे. पहिलीला मदत हवी असते. दुसरीच्या बाबतीत बघायचं असतं ते सासर.

आणि हे दुसऱ्या कायद्याला कळतंही. त्याचं 24 वं कलम असं गृहीत धरतं की चाचणी करून घेणाऱ्या बाईवर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असणार. तसं नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर. पहिला कायदा उलट बाजूने त्याच जागी पोचतो: बाई अठरा वर्षांची पुरी असेल तर गर्भपाताला फक्त तिची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, बापाची नाही.

कागदांचंही उलटसुलट आहे. फॉर्म एफ दोन वर्षं जपून ठेवायचा आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला दाखवायचा. गर्भपाताचं रजिस्टर मात्र गोपनीय. बाईचं नाव कायद्याने अधिकार नसलेल्या कोणालाही सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगी अल्पवयीन असेल आणि तिची व पालकांची तशी विनंती असेल, तर पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असं 2022 च्या त्याच निकालात म्हटलं आहे.

एक खाच मात्र मोकळीच राहते. लिंगावरून निवड नको म्हणणारे आपण, व्यंगावरून निवडीला 24 आठवड्यांनंतरही मुभा देतो. मशीन तेच, डॉक्टर तोच. अपंगांच्या चळवळीतले कार्यकर्ते यावर बोट ठेवतात, आणि स्त्री संघटनांकडे याला पटकन देता येईल असं उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. मुलगी असणं हा आजार नाही, एवढं म्हणून मी सुटू पाहतो. पण व्यंग म्हणजे नेमकं किती, हे ठरवताना प्रत्येक वैद्यकीय मंडळाचा हात वेगळा पडतो.

रोजच्या व्यवहारात एवढ्या खोलात जायची वेळ क्वचितच येते. तिथे अडतं ते साध्या गोष्टीवर. सात आठवड्यांची गरोदर, तीस वर्षांची बाई मान्यताप्राप्त केंद्रात जाते आणि काउंटरवर तिला सांगतात, ‘मिस्टरांना घेऊन या, त्यांची सही लागते.’ तिने विचारावं, कुठल्या कागदावर? संमतीचा फॉर्म सी मागून घ्यावा. तिच्या वयाच्या बाईसाठी त्यावर सही लागते ती तिची एकटीची.