तांब्याचा लाल आणि मुंबईची भट्टी

चिनी भांडी मुंबईला नवी नाहीत. चीनशी व्यापार करणाऱ्या पारशी घराण्यांनी ती आणली. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतली भांडी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कुणालाही पाहता येतात. ती घडवण्याची विद्या मात्र शहरात फार उशिरा रुजली. १८७०च्या दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉर्ज टेरी यांनी भांड्यांचे काम सुरू केले, ते सिंधी वळणाच्या निळ्या-हिरव्या झिलईचे. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली कुटुंबे लाल मातीत काम करतात. ही माती कमी आचेवर भाजते. चिनी ग्लेझला, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या झिलईला, १२५० ते १३०० अंश सेल्सिअस लागतात. ते तापमान इथे स्टुडिओ पॉटरांनी, म्हणजे स्वतःच्या कार्यशाळेत कलाकुसरीची भांडी घडवणाऱ्यांनी, आणले. भाईंदरला काम करणारे ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली, ती याच कलेसाठी.

वेड लावतो तो या ग्लेझचा साधेपणा. ४० भाग फेल्डस्पार, ३० क्वार्ट्झ (दोन्ही खनिजे), २० व्हाइटिंग (खडूची पूड), १० चायना क्ले (पांढरी माती). यात १–२ भाग आयर्न ऑक्साइड घालून धुरकट, कमी हवेच्या आचेत (याला रिडक्शन म्हणतात) भाजले की चीनमधल्या लाँगच्वानच्या जातीचा हिरवट ग्लेझ, सेलाडॉन, मिळतो. ८–१० भाग घातले की तेनमोकू नावाचा काळा ग्लेझ. हेच सेलाडॉनचे मिश्रण विजेच्या भट्टीत, जिथे हवा भरपूर असते, फिके पिवळट निघते. म्हणजे कृती वहीत उतरवून घेतली तरी रंग हाती येतोच असे नाही, तो भट्टीतल्या हवेवर ठरतो.

सगळ्यांत अवघड तांब्याचा लाल, म्हणजे तांबे घालून मिळणारा लाल ग्लेझ. चीनच्या मिंग काळात श्वान्द सम्राटाच्या कारकिर्दीत (१४२६–३५) तो ऐन बहरात होता, मग जवळजवळ लोपला, आणि कांगशी काळात (१६६२–१७२२) चिनी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जिंगदेजेन गावात पुन्हा साधला. त्याला तांबे लागते जेमतेम अर्धा टक्का, जोडीला १ टक्का टिन ऑक्साइड. ९००–९५० अंशांना, ग्लेझ वितळून बंद होण्याआधी, डँपर (धुराड्याची सरकती झडप) आत सारून हवा कमी करायची. झरोक्यातून मऊ, पिवळट ज्वाळ बाहेर डोकावली पाहिजे. उशीर झाला तर भांडे हिरवे किंवा रंगहीन निघते. हवा फारच कोंडली तर काजळी ग्लेझमध्ये अडकते आणि लाल मळकट काळपट होतो. तांबे वाफ होऊन उडतेही, म्हणून शेजारच्या पांढऱ्या वाडग्यावर कधी गुलाबी छटा चढते. काठावर ग्लेझ पातळ राहतो, तिथे पांढरी कड उमटते. कांगशी काळातल्या भांड्यांवर ती हमखास दिसते आणि फार देखणी दिसते. ग्लेझ जाड लावावा लागतो, मग तो ओघळतो. त्यामुळे तळापासून बोटभर जागा कोरी सोडायची, नाहीतर भांडे भट्टीतल्या शेल्फला चिकटते.

मुंबईत खरी अडचण जागेची आहे. गॅस भट्टीला सिलिंडर, धुराडे आणि मोकळी हवा हवी. रिडक्शनमध्ये कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्यामुळे इमारतीतल्या बंद खोलीत ती लावणे जिवावरचे आहे. शहरात राहून काम करणाऱ्याला बहुधा विजेची भट्टीच परवडते. तिच्यातही लाल काढायचा एक मार्ग आहे: ग्लेझमध्ये अर्धा टक्क्याच्या आत सिलिकॉन कार्बाइडची अगदी बारीक पूड मिसळायची. ती ग्लेझच्या आतच ऑक्सिजन खाते. पूड भरड असेल तर वायूचे फुगे येतात आणि पृष्ठभागावर खड्डे राहतात. रंग लाल येतो, पण गॅस भट्टीतल्या लालाची खोली त्याला क्वचितच येते.