सांबरशिंगी मूठ

सांबरशिंगी मूठ : सांबर, चितळ यांच्या शिंगाची, चाकू, आरी, टोचा अशा हातहत्यारांना बसवलेली मूठ. तिच्या कापलेल्या टोकावर पितळेची किंवा चांदीची नक्षीदार टोपी असते, तिला शेंबी म्हणतात. सातारा-सांगलीकडे हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बेंदराला बैलांची शिंगे साळून, रंगवून त्यांच्या टोकांवर पितळी शेंब्या चढवतात, तीच ही शेंबी. बैलाच्या शिंगावर ती शोभेची असते, मुठीवर मात्र तिला काम असते.

मराठीत ‘शिंग’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या वस्तूंना चालतो, आणि त्यामुळे घोटाळा होतो. गाय, म्हैस, काळवीट यांचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढलेले केराटिनचे कवच. नखे आणि खूर ज्याचे असतात तोच हा पदार्थ. असे शिंग जन्मभर टिकते. सांबर, चितळ, भेकर यांच्या नरांचे शिंग अस्सल हाडाचे असते. ते मखमली कातडीखाली वाढते, वाढ पुरी झाली की कातडी सुकून सोलली जाते, आणि पुढे शिंग गळून पडून नवे उगवते. काळविटाला आपण हरीण म्हणत असलो, तरी त्याचे शिंग पहिल्या जातीचे. मर्दानी खेळातले माडू हे शस्त्र काळविटाच्या शिंगांचे असते, त्यामुळे ते या नोंदीत बसत नाही.

कारागिराला हा भेद हातालाच कळतो. म्हशीचे शिंग तापवले की नरम पडते, दाबून चपटे होते, म्हणून त्याच्या फण्या होत. सांबरशिंग तसे वळत नाही. ते कापावे, कोरावे आणि घासावेच लागते. साध्या हाडापेक्षा त्यात खनिजांश कमी असल्याने ते ठोका सोसते, चटकन तडकत नाही. अश्मयुगातल्या माणसाने हा गुण केव्हाच हेरला होता. दगडी पात्यांची धार काढताना बारीक कपच्या उडवायला शिंगाचे टोक वापरत. उत्तर प्रदेशातील महादहा येथील मध्याश्मयुगीन वस्तीत हाडा-शिंगाच्या वस्तू मिळाल्या आहेत.

सांबराच्या प्रत्येक शिंगाला बहुधा तीन टोके असतात. बुडाकडचा गाठाळ भाग तळहातात भरतो, म्हणून जाड मुठीला तो घेतात. निमुळत्या टोकाची आरीची मूठ होते. आडवा काप घेतला की बाहेर घट्ट थर आणि मध्ये स्पंजासारखा सच्छिद्र गर दिसतो. सांबरात हा गर कमी आणि भिंत जाड असते. इंग्लंडमधले शेफील्डचे चाकूवाले भारतातून सांबरशिंग मागवीत, ते याच कारणाने. चितळाचे शिंग सडपातळ, त्यातून मोठी मूठ निघणे कठीण.

काम सावकाशीचे आहे. तुकडा पाण्यात भिजवला की करवत सोपी चालते, पण शेंबी बसवण्याआधी तो पुरता वाळलाच पाहिजे. ओल्यावर बसवलेली शेंबी शिंग आकसले की खुळखुळते. मग सामत्याने (दोरीने फिरवायच्या छिद्रकाने) किंवा गिरमिटाने गराच्या मधोमध भोक पाडतात. पात्याचा मागचा निमुळता दांडा तापवून, वितळलेली लाख आणि विटेची पूड यांच्या मिश्रणात तो दाबून बसवतात. थंड झाल्यावर हे मिश्रण दगडासारखे घट्ट होते, आणि पुन्हा तापवले की सुटते. पाते बदलायचे असेल तर ही सोय मोठी. बाहेरची तपकिरी, खरबरीत साल मात्र कानशीपासून जपावी लागते. रंग वरवरचाच असतो, आत सगळे पांढरट. साल गेली की सांबरशिंगाची ओळखच गेली. घासताना भुकटी उडते. ती छातीत जाऊ नये म्हणून नाकातोंडाला फडके बांधावे, किंवा तुकडा ओला ठेवून घासावा.

शेंबीचे काम नेमके त्या उघड्या गरावर आहे. गर ओल शोषतो, घाम-तेल धरतो आणि तिथूनच मूठ उलते. शिंग पुरते गोल नसते, म्हणून टोकाला कानशीने खाच घेऊन खांदा करतात आणि कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजतात. त्या मापाचे पितळी पत्र्याचे कडे वाकवून, डाक देऊन जोडतात आणि वर घुमटी बसवतात. जाड कामात पात्याचा दांडा शेंबीतून आरपार काढून त्याचे टोक ठोकून पसरवतात. तिथे शेंबी झाकणही होते आणि पाचरही. नक्षी, पाकळ्या, चांदीचा मुलामा हे सगळे नंतरचे. कडे आणि शिंग यांच्यामध्ये नख अडकले, तर नक्षी कितीही देखणी असो, काम कच्चे समजावे.

पात्यांना धार लावणे हा शिकलगारांचा धंदा. मिरजेत या धंद्याला वेगळेच वळण लागले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांसारखे कारागीर सतारी-तंबोरे घडवू लागले. सतारीच्या घोडीसाठी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीसाठी, पूर्वी सांबरशिंगही वापरत. तार ज्या पृष्ठावर टेकते ते कानशीने साधून जवारी लावणे, हे मुठीहून कितीतरी नाजूक काम. मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घोडीसाठी आता उंटाचे हाड किंवा कृत्रिम द्रव्य चालते.

बदलाचे मोठे कारण कायदा. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार शिंग हा वन्यप्राण्याचाच भाग धरला जातो, मग ते आपोआप गळून पडलेले का असेना. कोयना, चांदोली किंवा 10.87 चौ. किमी.च्या सागरेश्वर अभयारण्यातून ते उचलून आणणे गुन्हा आहे. ‘जनावर मारले नाही, पडलेले उचलले’ हा युक्तिवाद तिथे टिकत नाही. जंगलालाही त्याची गरज असते. साळिंदर पडलेली शिंगे कुरतडते, त्यातल्या चुन्यासाठी (कॅल्शियमसाठी). ज्यांच्याकडे जुनी शिंगे होती, त्यांना ती जाहीर करण्याची मुभा 2003 च्या नियमांनी दिली होती. अशी नोंद असली तरी शिंगाची विक्री करता येत नाही.

जुन्या वाड्यांतून शिंगाचा तुकडा दिसला, तर तो मुठीपेक्षा सहाणेजवळच दिसण्याचा संभव जास्त. दुखऱ्या-सुजऱ्या जागी लेप देण्यासाठी सांबरशिंग उगाळत असत. नव्या मुठी म्हशीच्या शिंगाच्या, उंटाच्या हाडाच्या किंवा चक्क प्लॅस्टिकच्या असतात. प्लॅस्टिकवर खरबरीत सालीची नक्कल इतकी हुबेहूब उठवतात, की नजर फसते. पारख करायची तर आडव्या कापातला गर पाहावा. पण तो नेमका शेंबीखाली असतो.