रिव्हॉल्व्हरचा प्रतिक्षेप

गोळी नळीतून पुढे सुटते तेव्हा शस्त्र ज्या जोराने मागे येते, त्याला प्रतिक्षेप म्हणतात. बोलताना कोणी हा शब्द वापरत नाही; धक्का किंवा दणका म्हणतात. ताकदवान काडतुसांच्या मोठ्या रिव्हॉल्व्हरमध्ये हा धक्का इतका असतो की शस्त्राचे वजन, मुठीचा आकार, काडतुसाची बांधणी आणि नेमबाजाची सवय या सगळ्यांचा विचार त्याच्यापासूनच सुरू होतो.

तत्त्व साधे आहे. सांगलीच्या घाटावर नाव काठाला लागली की उतरणारा पाय रोवून पुढे उडी टाकतो आणि नाव मागे सरकते. उडी जोराची, माणूस जड आणि नाव हलकी असेल तर ती जास्तच सरकते. गोळी आणि रिव्हॉल्व्हर यांचे नाते हेच. गोळीचे वजन आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे तिचा संवेग. तेवढाच संवेग उलट दिशेने शस्त्राला मिळतो. त्यात दारूच्या वायूची भर पडते. गोळी नळीबाहेर पडताच हा वायू मागोमाग प्रचंड वेगाने सुटतो आणि शस्त्राला आणखी मागे रेटतो.

बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, मोठा म्हणजे धक्का मोठा, असा समज आहे. तो चूक आहे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला असणाऱ्या .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हरची गोळी सुमारे १७ ग्रॅमची, म्हणजे चांगली जड. पण तिचा वेग सेकंदाला २०० मीटरच्या आतच. नुसत्या गोळीचा हिशेब केला तर सव्वा किलोच्या आतल्या त्या शस्त्राला मिळणारी ऊर्जा ५ ज्यूलच्या आसपास भरते. .४४ मॅग्नम या ताकदवान काडतुसाची गोळी त्याहून हलकी, साडेपंधरा ग्रॅमची, पण ती सेकंदाला ४०० मीटरच्या पुढे जाते. शस्त्र १.३५ किलोचे धरले तरी ते सेकंदाला साडेचार मीटरहून अधिक वेगाने मागे येते आणि ऊर्जा १५ ज्यूलपर्यंत जाते. वायूचा वाटा धरला तर आकडा आणखी वाढतो.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावात पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी फौजी आहेत. अशा गावांत धक्का म्हटले की थ्री-नॉट-थ्री रायफल आठवते आणि बट खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवायचा धडाही आठवतो. त्या रायफलच्या गोळीचा संवेग .४४ मॅग्नमपेक्षा जास्त आहे. पण रायफल चार किलोची. त्यामुळे ती सेकंदाला दोन मीटरच्या आसपासच वेगाने मागे येते, ऊर्जा ९ ज्यूलच्या घरात राहते आणि ती सगळी खांदा पेलतो. रिव्हॉल्व्हरला खांदा नाही. जे यायचे ते तळहात, अंगठ्याचे बेचके आणि मनगट यांवरच येते.

शिवाय रिव्हॉल्व्हर सरळ मागे येत नाही. काडतुसे भरलेल्या फिरत्या चक्राच्या सर्वांत वरच्या घरातून गोळी सुटते, म्हणून नळी मुठीच्या बरीच वर असते. मागचा जोर हाताच्या वरून जातो आणि नळीचे टोक उसळते. ऑटोमॅटिक पिस्तुलात सरकता भाग आणि स्प्रिंग हा जोर थोडा लांबवतात. इथे तसे काही नाही. १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरसारखी गोलसर मूठ शस्त्राला तळहातात वरच्या बाजूला फिरू देते आणि झटका कमी बोचतो. मोठ्या रिव्हॉल्व्हरला रबरी मूठ असते, आणि काहींच्या नळीच्या टोकाला वायू वर सोडणारी भोके असतात.

अधिकाधिक ताकदवान काडतुसांच्या शर्यतीचा इतिहास फार मोठा नाही. .३५७ मॅग्नम १९३५ सालचे. .४४ मॅग्नम १९५५ सालचे. त्यामागे एल्मर कीथ या अमेरिकन शिकाऱ्याचा अनेक वर्षांचा आग्रह होता. २००३ मध्ये स्मिथ अँड वेसनने .५०० मॅग्नम आणले. लांब नळीचे ते रिव्हॉल्व्हर सुमारे दोन किलोचे असते आणि त्याच्या चक्रात पाचच घरे असतात. २३ ग्रॅमची गोळी सेकंदाला ५०० मीटर वेगाने सुटली तर त्याची प्रतिक्षेप-ऊर्जा ३० ज्यूलच्या वर जाते. शस्त्राचे वजन अर्धे केले तर ऊर्जा दुप्पट होते. खिशात मावेल असे हलके मॅग्नम घेणारा हे गणित पहिल्याच बारला शिकतो.

सातारा-सांगलीकडे खंडेनवमीला शस्त्रे पूजेला मांडतात. त्यात परवान्याचे रिव्हॉल्व्हर असलेच तर ते बहुधा .३२ बोअरचे, कानपूरच्या कारखान्यातले. त्याचा धक्का दीड-दोन ज्यूलचा. तेवढ्या अनुभवावर मॅग्नमचा अंदाज बांधू नये.

धक्क्याचा त्रास काडतुसालाही होतो, आणि याकडे फार कमी लोक पाहतात. बार झाला की चक्रातली उरलेली काडतुसे शस्त्राबरोबर मागे खेचली जातात. काडतुसाची पितळी पुंगळी मागे जाते, पण तिच्यात बसलेली जड शिशाची गोळी जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहते. दोन-तीन बारांत ती पुंगळीतून केसभर पुढे येते. पुरेशी पुढे आली की तिचे नाक चक्राबाहेर डोकावते, चौकटीला अडते आणि चक्र फिरेनासे होते. म्हणून अशा काडतुसाच्या तोंडाची कड गोळीच्या खाचेत घट्ट दाबून बसवावी लागते. शस्त्र जितके हलके, तितकी ही कड पक्की हवी.

चक्र आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते. तिथून तापलेला वायू बाजूला फवारतो. धक्का आवरण्यासाठी दुसऱ्या हाताची बोटे पुढे सरकवली तर ती भाजतात, फाटतातही. दोन्ही हात मुठीवर, कोपर किंचित सैल, कानावर संरक्षण, हेच बरोबर. नवख्याच्या हाती मोठे मॅग्नम द्यायचे तर चक्रात एकच काडतूस भरावे. उसळलेले शस्त्र सावरताना बोट नकळत पुन्हा चाप ओढते आणि दुसरी गोळी आभाळाकडे सुटते.

सर्वांत चिवट दोष मात्र हातात नाही, मनात बसतो. दणक्याच्या भीतीने नेमबाज चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि मूठ खाली दाबतो. ओळखायचा उपाय जुना आहे: दुसऱ्याने चक्रात भरलेल्या काडतुसांच्या मधे एखादी रिकामी पुंगळी घालायची आणि नेमबाजाला सांगायचे नाही. घोडा तिच्यावर पडतो, नुसता खट्ट आवाज होतो, आणि नळीचे टोक तरीही बोटभर खाली गेलेले दिसते.