तीस टक्के बदलला की कोड आपला?

‘ओपन सोर्स कोडवर कॉपीराइट नसतो, ३० टक्के बदलला की तो आपला.’ पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या ग्रुपांवर हा मेसेज प्रोजेक्टच्या दिवसांत हमखास फिरतो. ओपन सोर्स म्हणजे लिहिणाऱ्याने सगळ्यांना वाचायला, वापरायला आणि बदलायला खुला ठेवलेला कोड.

तसं नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. कोड लिहिला की हक्क आपोआप लागू होतो, नोंदणीसुद्धा लागत नाही. टक्केवारी कायद्यात कुठेच नाही. मराठी कादंबरी तमिळमध्ये नेली तर शब्दन् शब्द बदलतो, तरी मूळ लेखकाची परवानगी लागतेच. मग व्हेरिएबलची, म्हणजे कोडमध्ये माहितीला दिलेली, नावं बदलून काय साधणार?

ओपन सोर्समध्ये ही परवानगी आधीच दिलेली असते, पण अटींसकट. अशा अटी लिहिलेले ठरावीक परवाने असतात. त्यातल्या एमआयटी परवान्याची अट अगदी हलकी: मूळ कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर काढू नका. जीपीएल या दुसऱ्या परवान्याखालचा कोड बदलून प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर त्याला सोर्सही, म्हणजे तुमचा बदललेला मूळ कोडही, त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. स्वतःपुरता वापरलात तर नाही. हा फरक फार जणांना माहीतच नसतो.

खात्री करायची तर प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमधली ‘लायसन्स’ (LICENSE) किंवा ‘कॉपिंग’ (COPYING) नावाची फाइल उघडून वाचा. एमआयटीचा मजकूर तर जेमतेम एक पानभर आहे. परवाना कुठेच लिहिलेला नसेल, तर परवानगी नाही असंच धरा.