विम हॉफच्या श्वासाने रक्तात नेमके काय होते?

बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसून राहणारा विम हॉफ हा डच माणूस युरोप-अमेरिकेत आत्मसंयमाचा गुरू म्हणून ओळखला जातो. अंगात ऊब निर्माण करणाऱ्या तिबेटी तुम्मो साधनेशी नाते सांगणारी त्याची श्वासपद्धती ॲपवर आणि शिबिरांत शिकवली जाते. ती शिकवताना एक वाक्य हमखास कानावर येते: खोल श्वासाने पेशी न् पेशी ऑक्सिजनने भरून जाते. पद्धत खरोखर विलक्षण आहे, पण हे वाक्य चूक आहे आणि पाण्यात ही चूक जिवावर बेतू शकते.

कृती सोपी आहे. आडवे पडून ३० ते ४० खोल श्वास सलग घ्यायचे. घेताना पोट आणि छाती पूर्ण भरायची, सोडताना जोर लावायचा नाही. शेवटचा श्वास सोडला की तिथेच थांबायचे. राहवेनासे झाले की एक खोल श्वास घेऊन तो सुमारे १५ सेकंद धरायचा. अशी तीन-चार आवर्तने करायची. नवशिक्यालाही दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात मिनिट-दीड मिनिट श्वासाविना सहज राहता येते. सिद्धी मिळाल्याचा भास होतो तो इथेच.

निरोगी माणसाच्या धमन्यांतले हिमोग्लोबिन साध्या श्वासावरही ९७-९८ टक्के ऑक्सिजनने व्यापलेले असते. खच्चून भरलेल्या एसटीत आणखी किती माणसे कोंबणार? बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. धमन्यांत त्याचा दाब एरवी पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास असतो, या श्वासांनी तो २० पर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो. हा वायू रक्तात विरघळून कार्बनिक आम्ल बनत असल्यामुळे तो गेला की रक्ताचा पीएच ७.४ वरून ७.६ कडे सरकतो, म्हणजे रक्त अधिक अल्कधर्मी होते. मग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनावरचे हायड्रोजन आयन सुटतात आणि त्यांच्या जागी कॅल्शियम चिकटते. मोकळे कॅल्शियम घटले की मज्जातंतू जरा कशानेही उत्तेजित होतात: ओठांना, बोटांना मुंग्या येतात, कधी पंजा आखडतो. याला कुंडलिनी जागी झाल्याची खूण म्हणणारे आहेत. ती कॅल्शियमची करामत आहे. शिवाय मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि अल्कधर्मी रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक घट्ट धरून ठेवते. म्हणजे चक्कर येते त्या क्षणी मेंदूला ऑक्सिजन उलट कमीच मिळत असतो.

आता श्वास रोखण्याचा टप्पा. श्वास घ्यायची निकड मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातली केंद्रे त्याच्यावर नजर ठेवून असतात. ऑक्सिजन टिपणारे संवेदक मानेतल्या धमन्यांपाशी असतात, पण कार्बन डायऑक्साइड कमी असला की तेही मंदावतात. २० पासून सुरुवात केली तर इशाऱ्याच्या पातळीपर्यंत चढायला वेळ लागतो आणि तेवढ्यात ऑक्सिजन गुपचूप घसरत राहतो. तो फार खाली गेला की पूर्वसूचना न देता शुद्ध हरपते. सतरंजीवर असाल तर श्वास आपोआप सुरू होतो. तलावात किंवा टबात तोच पहिला श्वास पाण्याचा असतो. म्हणून पाण्यात, पाण्यात उतरण्याआधी, गाडी चालवताना किंवा उभ्याने हे कधीही करू नये. अपस्मार, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर मुळीच नको.

तुम्मो याहून वेगळी साधना आहे. तिच्यात श्वास आत घेऊन पोटाशी रोखतात आणि बेंबीखाली ज्योतीचे ध्यान करतात. अमेरिकन डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९८२ मध्ये धरमशाळेजवळच्या तीन भिक्षूंची मोजमापे प्रसिद्ध केली, त्यांत हातापायांच्या बोटांचे तापमान ८.३ अंश सेल्सिअसपर्यंत वाढलेले आढळले.

हॉफच्या पद्धतीची गाजलेली चाचणी नेदरलँड्समधल्या नायमेखन इथली, २०१४ ची. २४ निरोगी पुरुषांना जिवाणूंचे एंडोटॉक्सिन, म्हणजे शरीरात दाह आणि ताप निर्माण करणारे विष, टोचले; त्यांतले १२ जण ही पद्धत शिकलेले होते. त्यांच्या रक्तात ॲड्रिनलिन बरेच चढले, दाह वाढवणारी प्रथिने कमी झाली आणि तापाची लक्षणेही सौम्य राहिली. संधिवात किंवा कर्करोग बरा होतो, असे मात्र यातून निघत नाही: दाह काही तासांचा होता आणि माणसे तरुण, धडधाकट होती. प्रशिक्षणात थंडी, ध्यान आणि श्वास हे तिन्ही एकत्र होते. संशोधकांच्या त्याच गटाने पुढे थंडी आणि श्वास वेगळे करून पाहिले, तेव्हा ॲड्रिनलिन चढवणारा घटक श्वास निघाला. नुसत्या थंडीने दाह कमी झाला नाही, श्वासाच्या जोडीला मात्र तिने परिणाम वाढवला.