आक्काच्या पश्मिन्याला लागलेली कसर

गौरी-गणपतीच्या आधी शहापुरात आक्काकडे गेले होते. तिनं ट्रंकेतली शाल काढून माझ्या हातात दिली. "बघ की काय झालंय!" भाऊजी मराठा लाइट इन्फंट्रीत होते. लेहला पोस्टिंग असताना त्यांनी ही मरून रंगाची पश्मिना आणली होती. बेळगाव-खानापूर भागात घरटी कुणी ना कुणी फौजेत असल्यामुळं अशी एखादी शाल पुष्कळ घरांत सापडते. मी ती खिडकीशी धरली, तर काठाजवळ डाळीएवढी सात भोकं. घडी झटकली तशी तांबडी, रवाळ पूड खाली पडली. ट्रंकेच्या चारी कोपऱ्यांत डांबरगोळ्या होत्याच.

"ठेवताना धुतली होतीस का गं?"

"एकदाच तर घेतली होती अंगावर, लग्नात. तेवढ्यासाठी कोण धुतंय?"

शाल खाल्ली जाण्याचं कारण याच उत्तरात आहे.

ती पूड म्हणजे अळीची विष्ठा. अळी लोकर पचवते, पण रंग तिला पचत नाही, म्हणून मरून शालीखाली मरून पूड पडते. आपण ज्याला कसर म्हणतो त्यात दोन वेगळे किडे येतात. पुस्तकं कुरतडणारा चंदेरी, बिनपंखी किडा खळ आणि कागद खातो. लोकर खाणारी कसर ही एका इवल्या सोनेरी पतंगाची अळी असते. पतंग जेमतेम सहा-आठ मिलिमीटरचा, उजेड टाळणारा. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणारे पतंग ते हे नव्हेत. पूर्ण वाढ झाल्यावर हा पतंग काहीच खात नाही, पण मादी घड्यांत चाळीस-पन्नास अंडी घालून जाते. पुढचं सगळं नुकसान अळ्या करतात, अंधारात आणि महिनोन्‌महिने.

लोकर पचवणं सोपं नाही. आपले केस, नखं आणि लोकर केराटिन नावाच्या प्रथिनाची असतात. या प्रथिनाच्या साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात, म्हणून बहुतेक प्राण्यांच्या पोटातून केस जसाच्या तसा बाहेर येतो. या अळीच्या आतड्यात मात्र तीव्र अल्कधर्मी आणि जवळजवळ प्राणवायूविरहित रसायन असतं. तिथं ते पूल तुटतात आणि मग पाचकरस साखळ्यांचे तुकडे करतात. इतकं असूनही नुसत्या स्वच्छ लोकरीवर अळी नीट वाढत नाही. तिला ब जीवनसत्त्वं आणि क्षार लागतात, आणि ते मिळतात घामातून, मानेच्या तेलकटपणातून, सांडलेल्या जेवणातून. भोकं काठाशीच का, हे त्यावरून कळलं. लग्नाच्या पंगतीत काठ ताटाला लागला असणार.

पश्मिना येते चांगथांगच्या पठारावरच्या शेळ्यांपासून. चार हजार मीटरहून उंचावरच्या थंडीत त्यांच्या राठ केसांखाली जी मऊ लव येते, तिचा तंतू बारा ते पंधरा मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका असतो. त्यामुळं एकदोन धागे तुटले तरी भोक दिसतं. चिकोडी-निपाणीकडं धनगरांचं घोंगडं, शेजारच्या कानडी घरातली कंबळी, तेही केराटिनच. पण घोंगडं रोज अंथरलं-पांघरलं जातं, झटकलं जातं, उन्हात पडतं, त्यामुळं अळीला त्यात निवांत बसायला मिळत नाही. शाल जपायची म्हणून आपण ती वर्षभर हलवत नाही, आणि तेच तिच्या मुळावर येतं.

डांबरगोळीबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. तिची वाफ घट्ट बंद पेटीत भरपूर साठली तरच अळी मरते. फटी असलेल्या ट्रंकेतून ती खोलीत पसरते आणि श्वासातून आपल्या अंगात जाते. काही बाळांच्या रक्तपेशींत जी६पीडी हे विकर जन्मतः कमी असतं. गोळ्यांचा वास मुरलेल्या कपड्यात अशा बाळाला गुंडाळलं, तर रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. बाळंतिणीच्या खोलीत ट्रंकेतली शाल थेट नेऊ नका. वेखंडाच्या तेलात कीटकांना नकोसं द्रव्य असतं हे खरं, पण वास उडाला की उपयोग संपतो आणि घातलेली अंडी तशीच राहतात.

खरं संरक्षण धुण्यानं होतं. आपल्याकडं हिवाळा सरतो तो फेब्रुवारीत, हवा कोरडी असते. तेव्हाच धुवावी. धुण्याची पावडर नको. ती अल्कधर्मी असते आणि काहींत प्रथिन पचवणारी विकरं असतात, म्हणजे अळीच्या आतड्याचंच काम आपण बादलीत करायचं! गार पाण्यात थोडा सौम्य शांपू पुरतो. पिळू नये, टॉवेलमध्ये दाबून आडवी वाळवावी. पूर्ण वाळल्यावर धुतलेल्या जुन्या सुती साडीच्या, बारीक शिवणीच्या पिशवीत ठेवावी. प्लास्टिकमध्ये ओल अडकली तर आपल्या पावसाळ्यात बुरशी येते.

कसर लागलेलीच असेल तर फ्रीझर. शाल प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बांधायची आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवायची. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमू द्यावं, शाल कोरडी राहते.

आक्काची शाल आता तिथंच आहे. पण कसर आली कुठून? हे पतंग मुळात पक्ष्यांच्या घरट्यांत राहणारे, पिसांवर जगणारे. ट्रंक ठेवलेल्या माळ्यावर चढून पाहिलं, तर झरोक्यात पारव्यांचं जुनं, रिकामं घरटं होतं. पिसांत पांढऱ्या रेशमी नळ्या आणि त्यातल्या एकीत हलणारी अळी. आक्कानं घरटं खाली काढलं, झाडूनं कोपरे ओढले आणि सुताराला बोलावून झरोक्याला जाळी बसवून घेतली.